हातोडी सुटल्यावर : पियानोवादनाच्या मोजणीची प्रस्तावना

पियानो वाजवणाऱ्याचे बोट तारेला कधीच लागत नाही. सतारीत मिजराब आणि तार यांची प्रत्येक स्वराला भेट होते, व्हायोलिनमध्ये गज तारेवर टेकलेलाच असतो. पियानोत मात्र बोट आणि तार यांच्यामध्ये लाकूड, फेल्ट, चामडे आणि धातू यांची लांबलचक साखळी आहे, आणि ऐन वेळी ती साखळीही सुटते. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात हातोडी पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास वर येते. तार अवघी दीड-दोन मिलिमीटर दूर राहिली की यंत्रणा हातोडीला सोडून देते. उरलेले अंतर ती स्वतःच्या वेगावर पार करते आणि तारेवर आदळून मागे फिरते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये जे वाद्य घडवले, त्याचे मर्म या सुटण्यात आहे. हातोडी सुटली नाही, तर ती तारेला टेकून राहील आणि स्वर उमटताच दबून जाईल.

याचा परिणाम फार खोलवरचा आहे. वादकाने खांद्यातून जोर आणला, मनगट सैल सोडले, बोटाचे टोक अलगद टेकवले किंवा उंचावरून आपटले, तरी शेवटी हातोडीपर्यंत पोहोचतात त्या मुख्यतः दोनच गोष्टी : ती किती वेगाने सुटली आणि केव्हा सुटली. गायकाच्या एका स्वरात जेवढ्या गोष्टी क्षणोक्षणी बदलत असतात, तेवढ्या मोजायला आजही धाप लागते. पियानोचा एक स्वर मात्र मोजक्या आकड्यांत बऱ्याच प्रामाणिकपणे मांडता येतो. म्हणूनच वादनाचा शास्त्रीय अभ्यास ज्या वाद्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त झाला, ते वाद्य पियानो आहे.

पुढील प्रकरणे तारांच्या खऱ्या पियानोवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवून त्याच्याकडून मिडी संदेश, म्हणजे संगणकाला समजणाऱ्या सांकेतिक रूपातली स्वरांची नोंद, मिळवण्याविषयी आहेत. ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी, पियानोचा ट्यूनर, संगणकावर काम करणारा संगीतकार, घरातला जुना पियानो रात्री हेडफोन लावून वाजवू इच्छिणारा हौशी वादक, असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्या सर्वांचे मनापासून स्वागत करून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सेन्सर बसवण्याचे काम मी संशोधनाचाच भाग मानतो. सेन्सर कुठे बसवला, शून्य कशाला म्हटले आणि स्वर कोणत्या क्षणी सुरू झाला असे धरले, या तीन निर्णयांत पुढे येणाऱ्या आकड्यांचा निम्मा अर्थ ठरून गेलेला असतो. पदवीच्या अभ्यासक्रमात आकडे हाती येतात तेव्हा हे निर्णय कोणी तरी आधीच घेतलेले असतात आणि विद्यार्थ्याला त्यांचा पत्ताही नसतो. ही दरी भरून निघावी, अशी माझी तळमळ आहे.

या क्षेत्राचा इतिहास बहुतेकांना वाटतो त्याहून जुना आहे. बुद्धिमापनामुळे ज्यांचे नाव जगभर पोहोचले, ते फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने त्याआधी पियानोवादनाच्या मागे लागले होते. १८९५ मध्ये त्यांनी आणि ज्युल कुर्तिए यांनी पियानोच्या पट्ट्यांखाली रबराची नळी ठेवली. पट्टी दाबली की नळीतली हवा दाबली जायची आणि त्या दाबाची रेघ फिरत्या कागदावर उमटायची. आज बाजारात मिळणारी सेन्सर स्ट्रिपही पट्ट्यांखालीच बसवतात. हवेच्या जागी अवरक्त प्रकाश आला आणि कागदाच्या जागी संगणक, पण बोटाची हालचाल वादकाच्या आड न येता, खालून गुपचूप टिपायची ही कल्पना बिने-कुर्तिए यांचीच आहे.

त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीतील फ्रायबुर्गमध्ये एडविन वेल्टे आणि कार्ल बॉकिश यांचा वेल्टे-मिन्यों हा पियानो आला. साल १९०४. छिद्रे पाडलेल्या कागदी रोलवर वादन टिपायचे आणि हवेच्या दाबाने तेच वादन खऱ्या पियानोवर पुन्हा घडवायचे, अशी ती रचना होती. माहलर, ग्रीग, सेन-साँ, देब्युसी यांचे हात त्या रोलांवर उतरले आहेत. हे रोल म्हणजे त्या मंडळींचे हुबेहूब वादन, असा समज फार पसरलेला आहे. मला तो घाईचा वाटतो. रोल संपादित केले जात, आणि आज ते ज्या पियानोवर लावायचे त्याची हातोडी, फेल्ट, हवेचा दाब यांवर त्यातून निघणारे संगीत अवलंबून असते. तरीही वादन म्हणजे आवाजच असे नाही, त्याला आवाजामागच्या हालचालींची नोंद असेही रूप देता येते, हा विचार तिथे प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आला.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांच्या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात हातोड्यांच्या हालचाली फिल्मवर टिपणारा कॅमेरा तयार झाला. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ऑटो ऑर्टमन यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात पियानोच्या ‘स्पर्शा’चा प्रश्न ऐरणीवर घेतला : एकाच वेगाने निघालेली हातोडी दोन वेगळ्या तऱ्हेच्या स्पर्शांनी दोन वेगळे स्वर काढू शकते का? वादक ठामपणे हो म्हणतात, भौतिकशास्त्र नकारार्थी मान हलवते. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही, पण नंतरच्या प्रयोगांनी त्यात एक मोलाची भर घातली. ज्या श्रोत्यांना दाबून वाजवलेला आणि आपटून वाजवलेला स्वर वेगळा ओळखता आला, त्यांनी मुख्यतः बोट पट्टीवर आदळताना होणाऱ्या बारीक आवाजाचा आधार घेतला होता. तो आवाज तारेचा नाही. सेन्सरच्या नोंदीतही तो कुठे नसतो. मिडीत काय येते यासोबत काय येत नाही, याचीही यादी अभ्यासकाने जवळ बाळगावी.

१९८० च्या दशकात वेन स्टॅन्के यांनी विकसित केलेली, वादन संगणकावर नोंदवणारी यंत्रणा व्हिएन्नाच्या ब्योझेंडोर्फर कंपनीच्या कॉन्सर्ट ग्रँडवर आली. जपानच्या यामाहाने १९८७ मध्ये डिस्क्लाविअर हा असाच नोंद ठेवणारा पियानो बाजारात आणला. १९८९ मध्ये सत्तरी ओलांडलेले पियानोवादक निकिता मागालॉफ यांनी व्हिएन्नात शोपँच्या हयातीत प्रकाशित झालेल्या जवळपास सर्व एकल रचना जाहीर मैफलींतून वाजवल्या, आणि त्या अशाच ब्योझेंडोर्फरवर वाजवल्यामुळे त्यांची प्रत्येक हातोडी, प्रत्येक पेडल नोंदले गेले. एका माणसाच्या बोटांतून एका संगीतकाराचे जवळजवळ सगळे काम, तेही प्रयोगशाळेत नव्हे तर श्रोत्यांसमोर. असा दस्तऐवज दुसऱ्या कोणत्या वाद्याकडे असेल, असे मला वाटत नाही.

आता थोडे सावकाश जाऊ, कारण या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण इथेच आहे.

संगीताचे अभ्यासक फार आधीपासून पाहत आले होते की पियानोवादक एकाच वेळी चार-पाच स्वर वाजवतो तेव्हा मुख्य सुरावटीचा स्वर बाकीच्यांच्या किंचित आधी येतो. किती आधी? साधारण तीस सहस्रांश सेकंद. कानाला तो वेगळा ऐकू येत नाही, पण सुरावट उठून दिसते. कागदावर तर सगळे स्वर एकाखाली एक, एकाच क्षणी लिहिलेले असतात. मग वादक हे मुद्दाम करतात का? अनेकांनी याला अभिव्यक्तीचे साधन मानले. सुरावटीला पुढे काढायचे म्हणून वादक नकळत तिला थोडी आधी सोडतो, असे म्हटले गेले.

व्हिएन्नाचे संशोधक वेर्नर गोएब्ल यांनी २००१ मध्ये या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. बावीस निपुण वादकांना त्यांनी संगणकाशी जोडलेल्या ब्योझेंडोर्फरवर शोपँचे दोन उतारे वाजवायला लावले. हातोडी तारेला लागते त्या क्षणांच्या नोंदी हाती होत्या, आणि त्यांत सुरावट नेहमीप्रमाणे पुढेच होती. मग त्यांनी उलटा हिशेब केला : बोट पट्टीला लागले तो क्षण कोणता असेल? जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी पंचवीसेक सहस्रांश सेकंदांत तारेपर्यंत पोहोचते. अगदी हळू दाबलेल्या पट्टीच्या हातोडीला तोच प्रवास करायला दीडशेहून जास्त लागतात. सुरावटीचा स्वर वादक जोरात वाजवतो, साथीचे हळू. म्हणजे सगळी बोटे एकाच क्षणी खाली निघाली, तरी सुरावटीची हातोडी आधी पोहोचणारच. हिशेब बोटांच्या क्षणांपर्यंत मागे नेल्यावर तो फरक बहुतांशी विरून गेला. वादक बोटे बरोबरच टाकत होते. पुढे काढत होते ते जोराने, आणि वेळेतला फरक त्या जोराच्या मागोमाग येत होता.

या निष्कर्षाकडे सेन्सर बसवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? ‘हे दोन स्वर एकाच वेळी वाजले का?’ या प्रश्नाचे उत्तर सेन्सर कुठे आहे यावर अवलंबून आहे. पट्टीच्या वरच्या बाजूला मोजले तर हो, तारेपाशी मोजले तर नाही. दोन्ही उत्तरे खरी आहेत. एक शरीराचे आहे, दुसरे आवाजाचे. ज्याला आपले यंत्र यांपैकी कोणते उत्तर देते हे ठाऊक नाही, त्याने वादनाच्या काळाविषयी एक वाक्यही लिहू नये.

म्हणून यंत्रांचे प्रकार इथेच ओळखून ठेवावेत. ब्योझेंडोर्फरच्या त्या यंत्रणेत हातोडीच्या दांडीची हालचाल प्रकाशाच्या अडथळ्याने टिपली जाते : तारेपाशी पोहोचण्याच्या किंचित आधी एकदा आणि पोहोचताना एकदा. या दोन क्षणांमधल्या अंतरावरून शेवटचा वेग निघतो. साध्या पियानोवर नंतर बसवायच्या बहुतेक यंत्रणा हातोडीपर्यंत जात नाहीत. क्यूआरएस कंपनीच्या पीएनओस्कॅनसारख्या स्ट्रिप पट्ट्यांखाली बसतात आणि वर पाहतात. डॉन बुक्ला यांनी रचलेला आणि मूग कंपनीने २००३ मध्ये आणलेला पियानो बार पट्ट्यांच्या मागच्या टोकाशी वर ठेवायचा असे. पांढऱ्या पट्ट्यांवरून परतणारा अवरक्त प्रकाश आणि काळ्या पट्ट्यांनी अडवलेला प्रकाश यांवर त्याचे काम चाले. त्याचे उत्पादन आता थांबले आहे, पण अँड्र्यू मॅकफर्सन यांच्यासारख्या संशोधकांनी त्याच्याच आधारे विद्युतचुंबकांनी तारा कंपित करणारा पियानो उभा केला. एक टिकाऊ कल्पना पुढच्या किती कल्पनांना जागा करून देते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पट्टीखालून मोजणारे यंत्र हातोडीविषयी जे सांगते, तो अंदाज असतो. अंदाज चांगला असू शकतो, बहुतेक वेळा असतोही. पण काही ठिकाणी तो हमखास फसतो, आणि ती ठिकाणे संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पट्टी इतकी हळू दाबली की हातोडी तारेपर्यंत पोहोचलीच नाही, तर पियानो गप्प राहतो आणि सेन्सर मात्र स्वर वाजला असे कळवू शकतो. आर्नोल्ड शोनबर्गच्या ओपस ११ मधल्या पहिल्या तुकड्यात, १९०९ मध्ये, काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या आहेत, म्हणजे दुसऱ्या स्वरांच्या आघाताने त्या पट्ट्यांच्या तारा आपोआप झंकारतील. कच्च्या कॅलिब्रेशनच्या यंत्राला हा तुकडा वाजवून दाखवा, ज्या स्वरांनी गप्प राहायचे तेच हेडफोनमध्ये ठणठणीत वाजतील.

दुसरे ठिकाण म्हणजे जलद पुनरावृत्ती. सेबास्तियाँ एरार यांच्या १८२१ च्या यंत्रणेमुळे ग्रँड पियानोची पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजवता येते. केवळ दोन ठरावीक उंचींवर ‘ओलांडली की नाही’ एवढेच पाहणारा सेन्सर असेल, तर अर्ध्यावरून परतलेली पट्टी त्याला परतली असे वाटतच नाही आणि ट्रिलमधले स्वर गळतात. पट्टीची उंची सतत मोजणारा सेन्सर इथे कामी येतो. जोरात वाजवलेली पट्टी पंचवीसेक सहस्रांश सेकंदांत खाली जाते असे धरले आणि दर सेकंदाला हजार वेळा मोजले, तर त्या प्रवासाचे पंचवीस बिंदू मिळतात. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या म्हणजे सेकंदाला ८८,००० मोजण्या. आजच्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरांनाही हे झेपते, आणि म्हणूनच घरच्या टेबलावर असे यंत्र बनवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्या कामाकडे विद्यापीठांनी अधिक गांभीर्याने पाहावे असे मला वाटते.

मग या सगळ्या हालचाली मिडीच्या चौकटीत बसवायच्या असतात. १९८३ मध्ये डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी आले तेव्हा एका कंपनीच्या सिंथेसायझरने दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर वाजवावा, एवढीच अपेक्षा होती. पियानोचा सूक्ष्म अभ्यास कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्यामुळे ‘स्वर चालू’ या संदेशात स्वराचा क्रमांक येतो (मधला सा म्हणावा तो मिडल सी ६०, पियानोची सर्वांत खालची पट्टी २१, सर्वांत वरची १०८) आणि वेगासाठी १ ते १२७ इतक्याच पायऱ्या मिळतात. शून्याचा अर्थ ‘स्वर बंद’. या १२७ पायऱ्यांना कोणतेही भौतिक एकक नाही. सेकंदाला दोन मीटर वेगाची हातोडी एका यंत्रात ६४ असेल, दुसऱ्यात ८०. दोन पियानोंवरच्या मिडी नोंदी शेजारी ठेवून ‘हा वादक जास्त जोरात वाजवतो’ असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. आधी दोन्ही यंत्रांचे आकडे मीटर प्रति सेकंदात किंवा निदान डेसिबलमध्ये आणल्याशिवाय त्या विधानाला आधार नाही.

वेळेचीही तीच गोष्ट. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटसाठी दहा बिट, एका स्वरासाठी तीन बाइट, म्हणजे एका स्वराला जवळपास एक सहस्रांश सेकंद. संदेश एकामागून एक जातात. दोन्ही हातांनी दहा स्वरांचा झुपका एकदम वाजवला तर पहिला संदेश निघाल्यापासून शेवटचा पोहोचेपर्यंत साडेनऊ सहस्रांश सेकंद उलटतात. संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे संदेशाचा पहिला बाइट एकदाच पाठवून, पाठवले तरी साडेसहाच्या वर. गोएब्ल ज्या तीस सहस्रांश सेकंदांचा माग काढत होते, त्याचा एक तृतीयांश इथे केबलमध्येच तयार होऊ शकतो! यूएसबीवरून पाठवले किंवा यंत्राने स्वतःच प्रत्येक घटनेची वेळ लिहून ठेवली, तर ही अडचण बरीच टळते. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० ने वेगासाठी सोळा बिट दिले, त्यामुळे पायऱ्यांची टंचाईही संपली. जुन्या संग्रहांवर काम करताना मात्र त्या काळच्या मर्यादा सोबत घेऊनच चालावे लागते.

पेडलबद्दल थोडेच सांगतो, कारण त्याचे स्वतंत्र प्रकरण पुढे आहे. उजवे पेडल ‘दाबले’ आणि ‘सोडले’ अशा दोन अवस्थांत मोजणाऱ्या यंत्राने अभ्यासाला सुरुवात करू नये. डँपर (तारांचे कंपन थांबवणारे फेल्टचे ठोकळे) तारांवरून उचलले जाऊ लागतात ती जागा पेडलच्या प्रवासात नेमकी कुठे आहे हे प्रत्येक पियानोत वेगळे असते, आणि चांगल्या वादकाचे सगळे कसब त्या अरुंद पट्ट्यात असते. सेन्सर सतत मोजणारा असला आणि ती जागा आपण स्वतः कान लावून नोंदवली असली, तरच त्या आकड्यांतून वादक दिसू लागतो.

आता प्रत्यक्ष बसवणी. तिचा बारीक तपशील चौथ्या प्रकरणात आहे, पण काही गोष्टी इथेच सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पियानोचे रेग्युलेशन (यंत्रणेची बारीक जुळणी) आधी, सेन्सर नंतर. एका पट्टीची हातोडी तारेपासून दीड मिलिमीटरवर सुटत असेल आणि शेजारच्या पट्टीची चार मिलिमीटरवर, तर सारख्या दाबाने दोन वेगळे आवाज येतील, आणि पट्टीखालचा सेन्सर दोघींना सारखाच आकडा देईल. असा पियानो मोजून मिळते ते वादकाचे आणि बिघाडाचे मिश्रण. हातोडीचा फेल्ट कुठे कडक, कुठे मऊ आहे हेही सेन्सरला कधी कळत नाही. ट्यूनरला आधी बोलवा, त्याला काम करताना पाहा, प्रश्न विचारा. या क्षेत्रातले कितीतरी ज्ञान पुस्तकांत उतरलेले नाही. ते या कारागिरांच्या बोटांत आहे.

ग्रँड पियानोची अ‍ॅक्शन (हातोड्यांची सगळी यंत्रणा) बाहेर ओढताना एकही पट्टी दाबली जाता कामा नये. पट्टी दाबली की हातोडी वर येते, वर आलेली हातोडी पुढच्या लाकडी ठोकळ्याला अडते आणि तिची दांडी मोडते. अप्राइट पियानोत पट्ट्या काढण्याआधी अ‍ॅक्शन बाहेर घ्यावी लागते. प्रत्येक पट्टीवर तिचा क्रमांक कोरलेला असतो आणि तिच्या मधल्या टेकूखाली फेल्टची व कागदाची पातळ चकती असते. कागदाची एक चकती हरवली तरी पट्टीची उंची बदलते. पट्टीची उंची बदलली की तिचा प्रवास बदलतो, आणि सेन्सरचे शून्य चुकते. पहिल्यांदा हे काम जाणत्या तंत्रज्ञाच्या सोबतीशिवाय करू नये.

स्ट्रिप बसल्यावर प्रत्येक पट्टीची विश्रांतीची आणि तळाची पातळी वेगळी नोंदवावी लागते. लाकडाचा रंग, जुनेपणा, खालच्या बाजूचा गुळगुळीतपणा यांमुळे परतणारा प्रकाश पट्टीगणिक बदलतो. ही नोंद एकदाच करून भागत नाही, आणि इथे मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांशी मला विशेष बोलायचे आहे. युरोप-अमेरिकेतली पुस्तके हिवाळ्यातल्या कोरड्या हवेची काळजी करतात. आपली काळजी उलटी आहे. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पट्ट्यांच्या छिद्रांतला फेल्ट फुगतो, पट्टी जड होते, सोडल्यावर सुस्तपणे वर येते. एप्रिलमध्ये घेतलेले शून्य जुलैमध्ये शून्य राहत नाही. त्यामुळे पावसाळ्यात कॅलिब्रेशन वारंवार करावे आणि प्रत्येक नोंदीसोबत तापमान आणि आर्द्रता लिहावी. ओल घालवण्यासाठी अप्राइट पियानोच्या खालच्या कप्प्यात साधा बल्ब लावून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. तो बल्ब प्रकाशाबरोबर भरपूर अवरक्त किरण सोडतो, आणि पेडलचा सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालणारा असून त्याच कप्प्यात असेल, तर त्याचे आकडे बिघडू शकतात. मोजणी चालू असताना बल्ब बंद ठेवावा. परदेशी माहितीपुस्तिकेत हे सापडणार नाही.

या भागातल्या अभ्यासकांना आणखी एका कारणासाठी मी या विषयाकडे बोलावतो. २०१८ मध्ये गूगलच्या मॅजेंटा गटाने ‘माएस्ट्रो’ नावाचा सुमारे दोनशे तासांचा संग्रह खुला केला. एका आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत डिस्क्लाविअरवर झालेली वादने, त्यांचा ध्वनी आणि त्यांचे मिडी, सुमारे तीन सहस्रांश सेकंदांच्या अचूकतेने एकमेकांशी जुळवलेले. नुसता आवाज ऐकून पियानोचे स्वर लिहून काढणारे संगणकी प्रोग्रॅम आज बऱ्याच अंशी अशा संग्रहांवर शिकतात. म्हणजे सेन्सरने जे पाहिले ते आता यंत्राचे कान झाले आहे. पण तो संग्रह युरोपीय अभिजात संगीताचा आहे, उत्तम निगा राखलेल्या कॉन्सर्ट ग्रँडवरचा आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी अनेक दशके पियानो वाजवला. ते वादन आज फक्त ध्वनिमुद्रिकांत उरले आहे, तेही ताना, ताल आणि वाद्यवृंदात मिसळलेले. ते वेगळे काढून वाचायचे असेल तर संगणकाला तशा तऱ्हेचे वादन, तशा पियानोवरचे, आधी सेन्सरसह मोजून शिकवावे लागेल. ते मोजायचे काम ज्यांना ती गाणी पाठ आहेत त्यांच्याकडून झाले, तर ते किती चांगले होईल!

प्रकरणांचा क्रम वाचकाने पाळावाच असे नाही. ज्याला भौतिकशास्त्राची ओढ आहे त्याने हातोडीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, ज्याच्या घरी पियानो उघडा पडला आहे त्याने चौथ्यापासून. कोणत्याही वाटेने या, पण एक प्रयोग पहिल्याच आठवड्यात करा. पियानोपासून हातभर अंतरावर एक मायक्रोफोन ठेवा. मध्यभागातली एक पट्टी अगदी हळू, मध्यम आणि जोरात, अशी अनेकदा वाजवा, आणि ध्वनी व मिडी दोन्ही एकाच संगणकावर, एकाच घड्याळाने नोंदवा. मग प्रत्येक स्वरासाठी मिडीची वेळ आणि आवाज सुरू झाल्याची वेळ यांतला फरक काढा आणि तो वेगाच्या आकड्यासमोर आलेखावर मांडा. ठिपके आडव्या रेषेत आले, तर तुमचे यंत्र हातोडीची वेळ सांगते आहे किंवा तिचा चांगला अंदाज करते आहे. हळू स्वरांकडे जाताना फरक वाढत गेला, तर ते पट्टीची वेळ सांगते आहे. मग हाच प्रयोग सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या सप्तकात करा, कारण खालच्या हातोड्या जड असतात आणि तिथले उत्तर मध्यभागासारखे असेलच असे नाही. तीन आलेख काढून त्यांवर तारीख, तापमान, आर्द्रता लिहा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात त्यांची गरज लागणार आहे.